नवतप्यातली क्रियापदं

दूधवाल्यानं आज पातेल्यात दूध ओतता ओतता सांगितलं, "दीदी, आज से नवतपा लग गया," आणि मला ऊन आठवलं नाही, एक क्रियापद आठवलं.

नवतपा म्हणजे मे महिन्याच्या शेवटी सुरू होणारे ते नऊ दिवस. सूर्य रोहिणीत जातो म्हणतात, जात असेल. रायपूरला तो थेट आमच्या अंगणात उतरतो. सकाळी आठलाच फरशी तापलेली असते. नळाखाली हात धरला तर कुणी चहाचं आधण ओतल्यासारखं वाटतं. कावळे चोच उघडी टाकून भिंतीच्या अरुंद सावलीत बसतात आणि ओरडत नाहीत. दुपारी कॉलोनी इतकी रिकामी होते, की शेजारच्या कुलरच्या गवतावरून ठिबकणारं पाणीसुद्धा ऐकू येतं. घरोघरी कैरीचं पन्हं, आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या नादानं आता बोरे-बासीही: पाण्यात भिजवून ठेवलेला शिळा भात, सकाळी कांदा-मिरचीशी खायचा. पोट थंड राहतं. डोकं राहीलच असं नाही. माझं गेल्या वर्षी राहिलं नव्हतं, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

मी चौबे कॉलोनीत राहते. माहेर गोंदियाचं, सासर मूळ भंडाऱ्याकडचं. सासऱ्यांना रेल्वेत नोकरी लागली आणि घर कायमचं रायपूरचं झालं. नवराही रेल्वेच्याच ऑफिसात. मुलगा पुण्याला नोकरीला, मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणारा. मी समता कॉलोनीतल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. नंबर लावते, वजन लिहून घेते, आणि डॉक्टरसाहेबांचं अक्षर बायकांना समजावून सांगते. सकाळ-संध्याकाळ एकेकदा, दिवसातून तीनदा, जेवणाआधी, जेवणानंतर. चिठ्ठीवर एसओएस लिहिलेलं असलं की म्हणते, "ज़रूरत पड़े तो देना." किती वर्षं म्हणत आले.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी असंच एका तापाच्या पोराच्या आईला सांगत होते. बाकावर एक म्हातारी बाई बसली होती, शेजाऱ्यांच्या नातवाला घेऊन आलेली. सुती साडी, आखूड कापलेले पांढरे केस, गळ्यात बारीक साखळीला छोटा क्रूस. ती एकदम म्हणाली, "पूरा क्या है, मालूम है?"

मी म्हटलं, "नहीं, मॅडम."

"सी ओपुस सित. लॅटिन है. सी, अगर. ओपुस, ज़रूरत. और सित..." इथं ती थांबली. आपल्या लाडक्या माणसाचं नाव घेण्याआधी माणसं थांबतात, तशी. "सित मतलब 'है' नहीं. सित मतलब 'हो'. ज़रूरत हो तो. हो सकती है, न भी हो."

काउंटरवर तीन पोरं रडत होती, टेलिफोन वाजत होता, आणि मी त्या एवढ्याशा शब्दाकडे बघत राहिले. मी तो औषधाचा काहीतरी शिक्का समजत होते. आत एक जिवंत क्रियापद बसलेलं होतं, आणि तेही शंका मनात ठेवणारं. मी विचारलं, "फिर 'मैं होऊँ' को क्या कहेंगे?"

"सिम."

"और तू?"

"सिस." ती हसली. "पढ़ना है क्या?"

मी हो म्हणाले. अजून कुणी कारण विचारलं तर मला सांगता येत नाही. भूक लागल्यावर माणूस कारण देत नाही.

त्या कुजूर मॅडम. जशपूरकडच्या, उरांव आदिवासी. त्यांचे काका फादर होते. सुट्टीत गावी आलं की फणसाच्या झाडाखाली बसवून पुतणीला लॅटिन शिकवायचे, कारण घरात दुसरं कुणी शिकायला तयारच नव्हतं. मॅडम पुढे सरकारी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होत्या, वर घरमालक. माझा दवाखाना दुपारी दोनला बंद व्हायचा आणि पाचला उघडायचा. त्या उन्हात स्कूटीवरून घरी जाऊन परत यायचं म्हणजे भाजून निघणं. तेव्हा रोज दुपारी मी डबा घेऊन मॅडमकडे जाऊ लागले.

खिडकीला ओला पडदा, कोपऱ्यात माठ, डोकं हलवत फिरणारा टेबलफॅन. पंखा आमच्याकडे वळला की वहीची पानं फडफडायची आणि मॅडम त्यावर हात ठेवायच्या. त्यांची पद्धत जुनी. आधी म्हणायचं, मग समजायचं. आमो, आमास, आमात. मी प्रेम करते, तू प्रेम करतोस, तो प्रेम करतो. आमामुस, आमातिस, आमान्त. शेपटीवर सगळं चालतं. 'ओ' आला की मी, 'स' आला की तू, 'त' आला की तो किंवा ती. 'मी' असं वेगळं म्हणायची गरजच नाही. मी क्रियापदाच्या पोटात आहेच. लॅटिन क्रियापदांचे चार गट. मॅडम त्यांना चार पारे म्हणायच्या; पारा म्हणजे इकडे मोहल्ला, वस्ती. "हर पारा का अपना स्वर है," त्या म्हणायच्या. "पहले पारा वाले आ-आ करते हैं, दूसरे वाले ए-ए." मग आम्ही एकेका पाऱ्यातून फिरून यायचो, कुणाचं दार कुठं आहे ते लक्षात ठेवत. चुकलं की मॅडम रागवत नसत, फक्त पुन्हा "आमो" म्हणायच्या आणि वाट बघायच्या.

एक गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात लागली आणि मनातून जाईना. मराठीत मी तोंड उघडलं की पहिल्याच क्रियापदाला कळतं, बाई बोलून राहिली. मी जाते, मी करते. हिंदीत तर "मैं जाती हूँ". आमो म्हटलं की कुणीतरी प्रेम करतं एवढंच कळतं. बाई की बुवा, कुणी विचारत नाही. मी हे घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांना मी आईच म्हणते. आई भाजी निवडत म्हणाल्या, "मंग त्यात काय नवल? मी बी तसंच बोलतो."

खरंच की! आई आजही "मी येतो, मी जातो, मी पाहतो" म्हणतात. तिकडच्या जुन्या बायका तशाच बोलतात. माझ्या लग्नात पुण्याच्या एक पाहुण्या बाई त्यावर तोंडाला पदर लावून हसल्या होत्या, आणि तेव्हापासून आई लग्नकार्यात परक्या माणसांसमोर कमीच बोलायच्या. मी त्यांना म्हटलं, "आई, तुमचं क्रियापद रोमन लोकांसारखं आहे." आईंनी मेथीची एक काडी उचलली, पाहिली, टाकली. "मंग त्या पुण्यावालीले सांगजो कधी," एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी विचारू लागल्या, "आज काय शिकली व?"

बाकी सगळ्यांनी विचारलं ते, काहून शिकून राहिली?

तो परीक्षांच्या निकालांचा हंगामही होता. आमच्या गावात त्या दिवसांत झाडांपेक्षा फलक जास्त. प्रत्येक चौकात हसऱ्या पोरा-पोरींचे फोटो, खाली नंबर, खाली कोचिंगचं नाव. शिकायचं ते निवड होण्यासाठी, हे या शहराच्या विजेच्या खांबांवर लिहिलेलं आहे. मी तरी वेगळं काय केलं होतं आजवर? बी.कॉम. केलं, कारण बँकेत लागायला बरं. टायपिंग केलं, कारण नाही लागलं तर टायपिंग बरं. शिवण शिकले, कारण सासरी उपयोगी पडतं. उपयोग नसलेलं काही माझ्या हातात कुणी कधी ठेवलंच नव्हतं. नवरा म्हणाला, "या वयात? अन् काय उपयोग?" मुलगा फोनवर म्हणाला, "मम्मी, वो तो डेड लँग्वेज है."

"मी तर जिवंत आहे ना," मी म्हटलं.

तिकडून फोन कट झाला. रेंज गेली असेल.

नवतपा लागायच्या आसपास वेगळेच प्रश्न सुरू झाले. आधी आमच्या शेजारणीनं आईंना गेटजवळ गाठून सांगितलं, "माताजी, बहू को संभालो. रोज़ दोपहर उस क्रिश्चन मॅडम के यहाँ बैठती है. दरवाज़ा बंद करके दोनों कुछ पढ़ती हैं." मग मॅडमच्या घरमालकांनी जिन्यात मला थांबवलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "आप लोग अंदर क्या करते हैं? मोहल्ले के लड़के पूछ रहे हैं. मेरे यहाँ कोई सभा-वभा नहीं चलेगी." सभा! दोन बायका, एक माठ आणि एक टेबलफॅन. डॉक्टरसाहेबांनीही एक दिवस चष्मा पुसत सांगितलं, "वंदनाजी, थोड़े दिन मत जाइए. माहौल ठीक नहीं है." मी म्हटलं, "सर, दोन ते पाच मी माझी असते." ते चष्मा पुसत राहिले.

घरी मात्र बोलणं झालं. नवऱ्यानं जेवताना ताट बाजूला सारलं. "तुला कळत नाही का? आजकाल कशाचं काय होईल सांगता येत नाही. माझी नोकरी संपत आली आहे, ऑफिसात कुणी काही बोललं तर? लोक म्हणून राहिले, तू धर्म बदलणार."

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याचा प्रश्न नाही."

"मग कुणाच्या वाटण्याचा आहे?"

तो उठून हात धुवायला गेला. नळाचं पाणी गरम होतं. त्यानं हात झटकन मागे घेतला आणि नळालाच काहीतरी बोलला. मला त्या क्षणी त्याचा राग आला नाही. मला आयुष्यातल्या सगळ्या बंद केलेल्या गोष्टींचा राग आला: लग्नाआधी सोडलेलं गाणं, मुलाच्या दहावीसाठी सोडलेली आधीची नोकरी, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून न घातलेले कपडे. प्रत्येक वेळी कुणी जबरदस्ती केली नव्हती. मीच समजूतदारपणे सोडलं होतं. ती समजूत त्या दिवशी संपली. डब्यातलं पीठ संपावं, तशी. तळाशी हात लागला.

मी दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे. त्या उठल्या, आतला छोटासा फळा उचलला आणि बाहेर व्हरांड्यात नेऊन भिंतीला टेकवला. "दरवाज़ा बंद है, इसी से डरते हैं न? तो बाहर पढ़ेंगे." दुपारी बाहेर बसणं शक्य नव्हतं, म्हणून रविवारी संध्याकाळची वेळ ठरली.

त्या रविवारी मी निघाले तर आई चपला घालून तयार. फिकट निळं पातळ, कपाळाला सकाळच्या पूजेचं गंध, गळ्यात तुळशीची माळ. "सगळे मलेच सांगून राहिले, सून अशी करते, तशी करते. मी पाहूनच येतो."

मी त्यांना मागे बसवून स्कूटी काढली. नवरा दारात उभा होता. नुसता बघत होता.

व्हरांडा रस्त्याला लागूनच. मॅडमनी आईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. आईंनी ते घोटभर पिऊन पेला खाली ठेवला, आणि मला आठवलं, आमच्याच शेजारणीनं मला बजावलं होतं की तिथलं पाणीसुद्धा पिऊ नको. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत होत्या. एक हिंदी बोलणारी, एक भंडाऱ्याची; दोघींनाही एकमेकींचं बरंचसं समजत होतं. "तुमचं गाव कोणतं व?" आईंनी विचारलं. मॅडमनी नाव सांगितलं, आणि तिथं फणस किती मोठे होतात ते हातांनी दाखवलं. आईंनी आमच्याकडची वांगी दाखवली. मग आम्ही सुरू केलं.

तेवढ्यात तिघे जण आले. पुढं सोनू. त्याला मी चांगलं ओळखत होते. त्याचं कुलरचं दुकान. दरवर्षी आमच्या कुलरचं गवत तोच बदलतो. कधी चढ्या आवाजात बोललेला नव्हता. त्या दिवशीही सुरुवात नमस्कारानंच केली.

"आंटी, सुना है यहाँ प्रार्थना होती है?"

"यहाँ क्रिया होती है," मॅडम म्हणाल्या.

"कैसी क्रिया?"

"व्याकरण वाली, बेटा."

मागच्यांपैकी एक हसला आणि लगेच गप्प झाला. सोनूनं खिशातून फोन काढून आमच्यावर धरला. "हम वीडियो बना रहे हैं. बाद में मत बोलना कि बताया नहीं."

मी घाबरले होते, हे सांगायला मला लाज नाही. गल्लीत वरच्या खिडक्या उघडल्या. घरमालक गॅलरीत येऊन परत आत गेले. आणि मी मॅडमकडे पाहिलं तर त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. वर्गात एखाद्या पोरानं आपणहून बरोबर उदाहरण द्यावं, तसा आनंद होता.

"क्या बना रहे हो?" त्यांनी विचारलं.

"वीडियो."

"वंदना, लिखो. आज यही लेंगे. दूसरे पारा का है."

मी खडू घेतला आणि लिहिलं. मग वळून उभी राहिले. समोर फोनचा तो काळा डोळा. मी त्याच्यातच बघून म्हणाले:

"विदेओ. मी बघते."

आवाज बारीक निघाला. मॅडम म्हणाल्या, "ज़ोर से."

"विदेस. तू बघतोस."

"विदेत. तो बघतो."

तिथून पुढं मला आवाज सापडला. विदेमुस, आपण बघतो. विदेतिस, आणि हे म्हणताना मी तिघांकडे एकेक करून पाहिलं, तुम्ही बघता. विदेन्त, आणि वरच्या खिडक्यांकडे मान केली, ते बघतात. सगळी गल्ली त्या एका क्रियापदात मावली.

"ये कौन सा मंत्र है?" सोनू म्हणाला.

"जो तेरे हाथ में चल रहा है, वही," मॅडम म्हणाल्या. "विदेओ. मैं देखता हूँ. तू दिन भर यही बोलता है, तुझे किसी ने बताया नहीं."

सोनूनं फोनकडे पाहिलं. हाताची बोटं जरा सैल झाली. त्याच्या मागचा पोरगा म्हणाला, "चल ना," पण सोनूला जाण्याआधी काहीतरी बोलायलाच हवं होतं. तो आईंकडे वळला. "माताजी, आप तो हमारे जैसी हैं. आप यहाँ कैसे?"

आई खुर्चीतून उठल्या. परक्या माणसांपुढं कमी बोलणाऱ्या माझ्या आई. "मी इथं काहून आली म्हणतो? माही सून शिकून राहिली, ते पाहाले आली. सकाळी माह्या देवाची पूजा केली, इथं पाणी पेली, आता घरी जाऊन दिवा लावतो. माह्या देवाले काही झालं नाही. तुलेच काहून तरास होऊन राहिला रे पोट्ट्या?" आणि फळ्याकडे बोट दाखवून त्यांनी म्हटलं, अगदी स्पष्ट, "विदेओ. मी पाहतो."

मॅडमनी टाळी वाजवली नाही की काही नाही. फक्त म्हणाल्या, "सही."

ते तिघे गेले. आम्ही तास पूर्ण केला. मुद्दाम पूर्ण केला, वेळेआधी एक मिनिटही उठलो नाही. शेवटी मॅडमनी विदेओचं दुसरं रूप सांगितलं. विदेओर. त्याचा अर्थ मी बघितली जाते, आणि मी तशी वाटते, असाही. मी म्हटलं, मॅडम, हे तर आमचं 'दिसणे' झालं. मी रस्त्यावरून दिसते. आणि मी तशी दिसते. दोन्हीला एकच शब्द. घरी येताना स्कूटीवर तेच डोक्यात. लोकांना मी कशी दिसते या धाकात किती उन्हाळे गेले. बघणं हेही एक क्रियापद आहे आणि ते मलाही चालवता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तो व्हिडिओ कॉलोनीच्या ग्रुपवर फिरला. कुणी हसण्याची चित्रं टाकली, कुणी वाईट लिहिलं, एकानं तर फारच वाईट. एका बाईंनी लिहिलं, "ये कोर्स कहाँ होता है?" आणि मग ते पुसलं. सोनूनं आमचा कुलर बघायला यायचं बंद केलं; पंप बिघडला तेव्हा येतो म्हणाला आणि आलाच नाही. आम्ही तो नवतपा ओल्या चादरी टांगून काढला. आई म्हणाल्या, "घामानं कोणी मरत नाही." हे अगदी खरं नव्हतं, पण त्या ज्या आवाजात म्हणाल्या त्यानं खोली थोडी थंड झाली.

आणि घरमालकांनी मॅडमना खोल्या सोडायला सांगितलं. हात जोडून सांगितलं, डोळ्यांत पाणी होतं म्हणतात, पण सांगितलं. मी गेले तेव्हा मॅडम पुस्तकं दोरीनं बांधत होत्या. "भाई के घर जाऊँगी. जशपूर में ठंडा भी रहता है." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मला तो ऐकवेना. इतकी वर्षं या गावाच्या पोरांना शिकवलं, आणि आता गावानं हात जोडून निरोप द्यायचा. मी खाली बसून दोरीची गाठ सोडू लागले. त्या म्हणाल्या, "ये क्या कर रही हो?" मी म्हटलं, "मालूम नहीं."

त्या दिवशी घरी जेवायला बसलो. नवऱ्यानं तो व्हिडिओ पाहिला होता, हे मला माहीत होतं. ऑफिसात सगळ्यांनीच पाहिला होता. भात कालवता कालवता तो एकदम म्हणाला, "विदेस नंतर काय गं?"

"विदेत."

"म्हणजे तो बघतो."

"हो."

त्यानं घास तोंडात घातला, चावला, गिळला. "म्हणजे मी," तो म्हणाला. "दारात उभा राहून नुसता बघत होतो. अन् माझी आई तिथं उभी राहून बोलली."

आई ताटातलं निवडत होत्या. मान वर केली नाही. निवडता निवडताच म्हणाल्या, "वरची खोली रिकामी आहे. पोट्टा पुण्याले गेला तवापासून कबुतरं राहून राहिली तिथं."

पुढच्या रविवारी नवरा भर दुपारी मॅडमना सामानासकट आमच्याकडे आणायला पिकअप घेऊन गेला. मी म्हटलं होतं, संध्याकाळी आणू, ऊन उतरल्यावर. तो म्हणाला, "नाही. सगळे घरी असतात तेव्हाच." मॅडमचं सामान थोडं, पुस्तकंच जास्त. पिकअप चौबे कॉलोनीत शिरला तेव्हा पडदे सरकले, गॅलऱ्या भरल्या. माझा हा भित्रा नवरा, ज्यानं आयुष्यभर रांगेत मागं उभं राहायचंच बघितलं, तो घामानं भिजलेला शर्ट अंगाला चिकटलेला असताना पिकअपच्या मागं उभा राहून ओरडत होता, "भैया, आराम से! किताबें हैं, किताबें!" एवढ्या मोठ्यानं ओरडायची काही गरज नव्हती. ड्रायव्हर हातभर अंतरावर होता. शेजारीण गेटशी आली. आईंनी तिला पन्ह्याचा पेला दिला आणि सांगितलं, "आमच्याकडे मॅडम आल्या राहाले. कॉलेजात शिकवत होत्या. तुह्या पोरीले इंग्रजी येत नाही ना? पाठवजो." ती पन्हं प्यायली. पोरीला पाठवलं नाही.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. काही घरांनी हळदी-कुंकवाला बोलावणं बंद केलं. मॅडमना भाजीवाल्यापासून औषधवाल्यापर्यंत कुणी ना कुणी अजून विचारतं, आप यहाँ कब तक हैं. मुलगा दिवाळीत आला तर स्वतःच्या खोलीच्या दारावर टकटक करून आत गेला, आणि जाताना मॅडमकडून चार क्रियापदं फोनवर लिहून घेऊन गेला. पाठ केली की नाही, देव जाणे. आईंचे तीन पारे झाले आहेत. चौथ्यात अडकतात, आणि अडकल्या की लॅटिनलाच नावं ठेवतात. मी आता भूतकाळात आहे. चुका पुष्कळ होतात. कुणाला दाखवायच्या नाहीत, कुठं नंबर लागायचा नाही. म्हणून मी त्या मोकळ्या मनानं करते.

आज सकाळी नवतपा लागला आणि मला कळलं की वर्ष झालं. दुपारी दवाखान्यातून निघाले, ती घरी गेले नाही. तोंडाला ओढणी बांधली आणि सदर बाजारच्या बाजूला एका फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात गेले. आत कॉम्प्युटरवर एक तरुण पोरगा बसलेला, पडद्यावर कुठल्याशा कोचिंगचा फलक उघडा. मी त्याला मजकूर सांगितला: इथे लॅटिन क्रियापदे शिकवली जातात. रोज संध्याकाळी. कुणीही यावे. वर मराठीत, खाली हिंदीत.

त्यानं टाईप करता करता विचारलं, "दीदी, कौन सी परीक्षा के लिए?"

"किसी परीक्षा के लिए नहीं."

"नौकरी लगती है इसमें?"

"नहीं."

"टॉपर की फोटो डालूँ? साइड में जगह है."

"कोई टॉपर नहीं है, भैया."

त्यानं की-बोर्डवरून हात काढले आणि खुर्ची वळवून माझ्याकडे पाहिलं. "तो फिर आएगा कौन?"

"मी गेले होते," मी म्हटलं. मग त्याला समजावं म्हणून हिंदीत, "मैं गई थी."

त्यानं खुर्ची परत पडद्याकडे वळवली. मग साईज विचारली. मी सांगितली, आमच्या गेटवर लावायचा म्हटलं. तो म्हणाला, घराच्या गेटसाठी एवढा मोठा फ्लेक्स कुणी लावत नाही, अर्ध्यात काम होईल, अक्षरं जवळून आरामात वाचता येतील.

"जवळून नको," मी म्हटलं. "चौकातून वाचता आला पाहिजे."